कोड न लिहिता एआयवालं छोटं अ‍ॅप बनवायचंय, डब्यांच्या ऑर्डरींसाठी. जमेल का?

तव्यावरची | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. मिरजेत गेली ९ वर्षं मी आणि माझी जाऊ मिळून जेवणाचे डबे देतो. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे आमचे निम्म्याहून जास्त डबे अ‍ॅडमिट पेशंटच्या घरच्यांचे, आणि त्यातले बरेच अथणी, चिकोडी, जमखंडीकडून आलेले. सकाळी ६० च्या आसपास डबे आणि संध्याकाळी ४०.

ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सअ‍ॅपवर. कोण मराठीत लिहितं, कोण इंग्रजी अक्षरात मराठी, कोण कन्नड, कोण बोलून पाठवतं. "उद्या एकच डबा, भात नको, पोळ्या ५ च्या जागी ३", "आज डिस्चार्ज आहे संध्याकाळचा कॅन्सल", असं सगळं. रात्री भांडी झाली की मी एकेक मेसेज वाचून वहीत उतरवते, मग बेरीज करते की उद्या पोळ्या किती, भात किती, वाट्या किती. तास-सव्वा तास जातो. आणि मागच्या महिन्यात एक बिनमिठाचा डबा दुसऱ्या मजल्यावर गेला आणि तिथला मीठवाला किडनीच्या पेशंटकडे गेला. त्यांच्या मुलीनं पहिल्या घासाच्या आधी चव बघितली म्हणून निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझं बीकॉम झालंय, एक्सेल थोडं येतं, कोडिंग अजिबात नाही. भाच्यानं सांगितलं आता एआयला नुसतं सांगितलं की अ‍ॅप बनवून देतं. खरंच असं होतं का? कुणी स्वतः केलंय का? खर्च किती, आणि त्याच्यावर किती विसंबावं हे मला सगळ्यात जास्त जाणून घ्यायचंय.

टेकडीवरचा | सोमवार, रात्री १०:५५

होतं. केलंय. उद्या सविस्तर लिहितो.

बाराखडी | सोमवार, रात्री ११:३१

ताई, मी पुण्यात १४ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे आधी एक स्पष्ट करतो. "कोड न लिहिता" म्हणजे कोड नसतो असं नाही, तुमच्याऐवजी दुसरं कुणीतरी लिहितं. याचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे अ‍ॅपशीट, ग्लाइड, बबल यांच्यासारखी तयार साधनं, तिथं तुम्ही रकाने आणि बटणं जोडता. दुसरा रस्ता अलीकडचा, एआयला मराठीत सांगायचं आणि ते अख्खा कोड लिहून चालवून दाखवतं. याला एआय संशोधक आंद्रे कार्पाथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हाइब कोडिंग असं नाव दिलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी कॉलिन्स शब्दकोशानं तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला, इतका तो बोकाळला.

दुसऱ्या रस्त्यानं अर्ध्या तासात चकचकीत काहीतरी उभं राहतं आणि माणूस खूश होतो. अडचण तिसऱ्या आठवड्यात येते, जेव्हा काहीतरी बिघडतं आणि आत काय आहे ते आपल्याला वाचता येत नाही. तुमच्या कामासाठी मी पहिला रस्ता सांगेन. पण त्याच्याही आधी, तुम्हाला नक्की काय हवंय? मेसेज वाचून रकान्यात भरणं, बेरीज करणं, आणि डब्यावर काय लिहायचं त्याची यादी, ही तीन वेगळी कामं आहेत आणि तिन्हीला एआय लागत नाही.

चहाबिस्किट | मंगळवार, सकाळी ७:१०

ताई आधी पत्ता द्या, मला डबा लावायचाय :)

जुनंखोड | मंगळवार, सकाळी ८:०२

माझं मत वेगळं. वही ठेवा. वहीला चार्जिंग लागत नाही, रेंज लागत नाही, कुणी पासवर्ड मागत नाही. माझ्या किराणा दुकानाची उधारी ३८ वर्षं वहीत आहे, एक रुपया इकडचा तिकडे नाही. सगळं सुरळीत चाललंय तिथं मशीन कशाला घुसवायचं.

तव्यावरची | मंगळवार, दुपारी ३:२०

काका, तुमचा मान राखून सांगते, सुरळीत चाललं नव्हतं म्हणूनच धागा काढला. वही चुकली नाही, रात्री साडेअकराला उतरवून घेताना माझे डोळे चुकले.

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी ३:४१

@जुनंखोड, सांगलीत २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात माझ्या मावशीच्या दुकानात छातीएवढं पाणी होतं. उधारीच्या सगळ्या वह्यांचा लगदा झाला. लोक चांगले, निम्म्यांनी आठवून आठवून पैसे आणून दिले, पण बाकीचे गेले ते गेलेच. तेव्हापासून ती रोज रात्री वहीच्या पानाचा फोटो काढून मुलीला पाठवते. वही आणि मोबाइल, दोन्ही ठेवावं असं मला वाटतं.

जुनंखोड | मंगळवार, दुपारी ४:१५

फोटोचं पटलं. आजपासून करतो.

द्राक्षबाग | मंगळवार, रात्री ९:०५

निफाडहून. चार एकर द्राक्ष, त्यातलं दोन एकर एक्स्पोर्टला. मी कोडिंग शिकलेलो नाही आणि माझं अ‍ॅप दोन सीझन चालू आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

युरोपला माल पाठवायचा म्हणजे प्लॉटची नोंदणी, रेसिड्यूची म्हणजे मालात उरलेल्या औषधाची तपासणी, अपेडा या सरकारी निर्यात संस्थेचं ग्रेपनेट (द्राक्षाचा माग ठेवणारी ऑनलाइन नोंद), ही सगळी साखळी असते. त्यात फवारणीची नोंद चोख लागते, कुठल्या तारखेला कुठलं औषध, किती पाण्यात किती, आणि त्या औषधाचा पीएचआय किती दिवसांचा, म्हणजे फवारल्यापासून तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचं. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, नोंदी इतक्या पडतात की कागदाला औषधाचे डाग पडतात आणि शेवटी अक्षर दिसत नाही. मी गुगल शीटमध्ये रकाने केले आणि त्यावर अ‍ॅपशीट बसवलं. ही कंपनी गुगलनं २०२० मध्ये घेतली. शीट दाखवली की फॉर्म, यादी, फोटोचं बटण आपोआप तयार होतं, स्वतःपुरतं करून बघायला पैसे पडत नाहीत. पहिलं चालू अ‍ॅप मला दोन संध्याकाळीत मिळालं, पण नीट व्हायला महिना गेला, कारण फवारणीवाला गडी काय भरेल आणि काय भरणार नाही हे शेतातच कळतं. त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं की हातात ग्लोव्हज असताना टाइप होत नाही. मग सगळं निवडायची बटणं केली, मोठी मोठी.

एआय दोन ठिकाणी लावून बघितलं. एक, बाटलीच्या लेबलचा फोटो काढला की औषधाचं नाव आणि घटक वाचून रकान्यात टाकायचं. हे बरं चालतं. पण एकदा त्यानं ०.५ मिलीचं ५ मिली वाचलं, टिंब चुरगळलेल्या लेबलवर होतं. तेव्हापासून प्रमाणाचा रकाना मी हातानं भरतो, आणि तोडणीची तारीख शीटमधल्या साध्या सूत्रानं निघते, फवारणीची तारीख अधिक दिवस. तिथं एआयचं काही काम नाही.

दुसरं, टीचेबल मशीन नावाचं गुगलचं साधन आहे, ब्राउझरमध्येच चालतं, आपले फोटो टाकून त्याला शिकवता येतं. मी भुरी, डावणी (हे दोन रोग) आणि निरोगी पान असे तीन ढीग केले, प्रत्येकी ८०-९० फोटो. घरात तपासलं तर जवळपास सगळे बरोबर. मी हरखलो. बागेत नेलं तर निरोगी पानाला पण डावणी म्हणायला लागलं. दोन दिवस डोकं खाजवलं तेव्हा कळलं, डावणीचे सगळे फोटो मी पहाटे दवात, पान तळहातावर ठेवून काढले होते आणि बाकीचे दुपारी वेलीवरच. म्हणजे त्याला रोग नाही, माझा तळहात ओळखता येत होता! ते मी बाजूला ठेवलं. रोगाचं निदान आणि औषधाचा डोस यासाठी अजूनही कृषी विज्ञान केंद्रात फोन करतो.

ताई, तुमच्या कामाला रकान्यांपासून सुरुवात करा. रकाने नीट पडले तर निम्मं अ‍ॅप झालं.

रेघोटी | मंगळवार, रात्री ९:३०

तळहाताची गोष्ट मी आमच्या कॉलेजातल्या पोरांना सांगणार, परवानगी आहे ना दादा?

द्राक्षबाग | मंगळवार, रात्री ९:३३

सांगा की. कुणाची दोन दिवसांची डोकेफोड वाचली तर चांगलंच.

टेकडीवरचा | मंगळवार, रात्री १०:२०

कबूल केल्याप्रमाणे. मी आमच्या वाचनालयासाठी केलंय. १९ हजार पुस्तकं, कार्डांवर. कार्डाचा फोटो काढायचा, एआयनं लेखक, नाव, दाखल क्रमांक वाचून रकान्यात टाकायचं, सभासदानं फोनवर शोधायचं. छापील कार्डं उत्तम वाचली, हस्ताक्षरातली दहातली सात-आठ. पण जी चुकली ती अशी चुकली की चूक वाटतच नाही. जिथं नाव पुसट होतं तिथं त्यानं त्या लेखकाचं दुसरंच खरं पुस्तक लिहून टाकलं. वाचता आलं नाही असं म्हणायची त्याला सवय नाही, ती आपण लावावी लागते.

आणि एक, जी यादी कॉम्प्युटरवर आधीच होती ती जुन्या फॉन्टमधली, युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या मराठी अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीची. ती कॉपी करून टाकली तर नुसती इंग्रजी अक्षरांची जत्रा. त्या फॉन्टमुळे आपल्या डोळ्यांना मराठी दिसतं, पण मशीनच्या दृष्टीनं आत इंग्रजी अक्षरं आणि खुणाच असतात. आधी युनिकोडमध्ये बदलून घेतलं, जिथं बदललं नाही तिथं सरळ छापून फोटो काढला आणि फोटोवरून वाचून घेतलं. ताई तुमचं मेनूकार्ड जुन्या डीटीपीवाल्याकडून केलेलं असेल तर हे होणार.

तव्यावरची | मंगळवार, रात्री ११:०४

अगदी हेच झालं!! दुपारी मेनूकार्ड टाकून बघितलं तर "पोळी" च्या जागी काहीतरी कंस आणि उभ्या रेघांच्या खुणा आल्या. मला वाटलं माझा लॅपटॉप गेला.

सव्वाशेर | बुधवार, सकाळी ९:१२

बोलून पाठवलेल्या मेसेजचं काय करणार? मी भुसार मालाच्या दुकानात बोलून ऑर्डर लिहायचा प्रयोग केला. "पावणेदोनशे किलो तूर" म्हणालो, त्यानं २०० लिहिलं. "अडीचशे" बरोबर आलं. "पाऊणशे" ला एकदा ७५ आणि एकदा १००. "सव्वातीनशे" चं ३०० आणि पुढं "सव्वा" असा वेगळा शब्द. वेगवेगळ्या साधनांवर वेगवेगळं येतं, म्हणजे भरवसा कशाचाच नाही.

चहाबिस्किट | बुधवार, सकाळी ९:२०

"औटकी" म्हणून बघा. साडेतीनचा पाढा. आमच्या आजोबांना पाठ होता.

लेजरकीपर | बुधवार, सकाळी १०:४८

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी... आम्हाला शाळेत रोज म्हणून घ्यायचे. मराठी माणूस बाजारात अपूर्णांकातच बोलतो, आणि ही मशीनं ज्या मजकुरावर शिकली त्यात असं बोलणं फार थोडं असणार. उपाय सोपा आहे, एआयला द्यायच्या सूचनेतच यादी देऊन टाका की पावणेदोनशे म्हणजे १७५, सव्वाशे म्हणजे १२५, दीडशे म्हणजे १५०. मी करून बघितलंय, बराच फरक पडतो.

मी बँकेतून निवृत्त. तरुणांना वाटतंय कोड न लिहिता काम करणं आत्ता निघालं. १९७९ साली व्हिसिकॅल्क आलं, १९८३ साली लोटस १-२-३, दोन्ही एक्सेलच्या आधीची तशीच साधनं, तेव्हाही हेच झालं होतं. आमच्या शाखेत कॉम्प्युटर आले तेव्हा एका क्लार्कनं, जो प्रोग्रॅमर नव्हता, लोटसमध्ये व्याजाची अशी शीट केली की वरच्या ऑफिसनं ती मागवून घेतली. आणि तो बदलून गेल्यावर सहा महिन्यांनी व्याजदर बदलला, तेव्हा ती शीट कुणालाच दुरुस्त करता येईना, कारण दर कुठल्या खान्यात लिहिलाय ते त्यानं कुठं टिपून ठेवलं नव्हतं. ताई, तुमच्या जाऊबाईंनाही सगळं समजेल असं मराठीत एका पानावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवा.

तव्यावरची | बुधवार, दुपारी २:५०

काका हे फार मोलाचं सांगितलंत. आणि सव्वाशेर दादा, आमच्याकडे "दीड डबा" खरोखरचा प्रकार आहे, मोठं माणूस आणि एक लहान मूल. बोलून पाठवलेल्या मेसेजात "दीड" चं "दोन" होऊन आलं तर एक डबा वाया.

मास्तर | बुधवार, रात्री ८:१५

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आधी एमआयटी अ‍ॅप इन्व्हेंटर वापरायचो, त्यात रंगीत ठोकळे जोडून अ‍ॅप होतं, मुलंसुद्धा करतात. आता एआयला सांगून मी वाचनाचं एक पान बनवलंय, मूल परिच्छेद वाचतं आणि कुठले शब्द अडले ते मला दिसतं. जोडाक्षरावर अडणारी मुलं मला आठवड्यात सापडली, ज्यांना मी वर्षभर "हळू वाचतो" एवढंच समजत होतो.

पण नावं टाकत नाही, फक्त हजेरी क्रमांक. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायची तर पालकांची संमती लागते. मी पालकसभेत सगळ्यांना दाखवलं, विचारलं. एका आईनं नको सांगितलं, तिच्या मुलाचं मी पूर्वीसारखं समोर बसून ऐकतो. ताई, तुमच्याकडे तर पेशंटची माहिती आहे. कोण कुठल्या वॉर्डात, कोणाला मधुमेह, कोणाची किडनी. हे एखाद्या चॅटमध्ये नावानिशी टाकणं बरोबर नाही. फुकटच्या योजनेत बऱ्याचदा आपला मजकूर कंपनीला सुधारणेसाठी वापरायची मुभा असते, अटी वाचून घ्या.

तव्यावरची | बुधवार, रात्री ८:४०

हा विचार माझ्या मनातही आला नव्हता. डब्यांना नंबर आहेतच, ब्रशनं रंगवलेले. नावाच्या जागी डब्याचा नंबर चालेल ना?

मास्तर | बुधवार, रात्री ८:४४

उत्तम. नावाची आणि नंबराची जोडी वहीत ठेवा. इथं मात्र वहीच चांगली.

जुनंखोड | बुधवार, रात्री ८:५०

:) धन्यवाद मास्तर.

टोरांटोकर | गुरुवार, पहाटे ४:३३

इकडे मंडळाच्या गणपतीसाठी मी एक पान केलं होतं, स्वयंसेवकांनी विचारायचं "माझी ड्यूटी कधी" आणि त्यानं मराठीत उत्तर द्यायचं. सगळं एआयकडून लिहून घेतलं. एआयच्या सेवेची एपीआय की लागते, म्हणजे आपल्या खात्याची किल्ली, जो वापरेल त्याचं बिल आपल्याला. माझ्या अ‍ॅपनं ती किल्ली पानाच्या आतच लिहून ठेवली होती. ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स उघडला की कुणालाही दिसेल अशी. म्हणजे दाराला कुलूप आणि शेजारी खिळ्याला किल्ली. चार दिवसांत कुणीतरी ती उचलली आणि विसर्जनाच्या दिवशी खात्यात खर्च बघितला तर मंडळाच्या प्रसादाच्या खर्चाएवढा झाला होता. किल्ली लगेच रद्द केली आणि पैसे मी भरले, मंडळाला लावले नाहीत.

जो कोणी हे करेल त्यानं पहिल्या दिवशी खर्चाची मर्यादा लावावी, आणि अ‍ॅप बनवणाऱ्या एआयलाच सरळ विचारावं, "माझी किल्ली कुठं ठेवली आहेस, बाहेरच्या माणसाला दिसते का?" विचारलं की बऱ्याचदा ते दाखवतं. मी विचारलंच नव्हतं.

बाराखडी | गुरुवार, सकाळी ११:०५

टोरांटोकरांचा अनुभव खूप जणांना येतो, लिहिलंत ते फार बरं केलंत. त्याच्या जोडीला डेटा पुसण्याचा धोका. २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या एका उद्योजकाच्या प्रयोगात एआय एजंटनं (स्वतःहून कामं करणाऱ्या एआयनं) चालू डेटाबेस, म्हणजे माहितीचा साठा, पुसून टाकला, आणि तेही काही बदल करू नकोस असं बजावलेलं असताना. म्हणून ज्याच्यात तुमची खरी माहिती आहे तिथं एआयला पुसायचा हक्कच देऊ नका, रोजची प्रत वेगळी ठेवा. गुगल शीटमध्ये जुन्या आवृत्त्या आपोआप राहतात, हा तिचा मोठा फायदा.

आता ताई तुमच्यासाठी. मी काल रात्री बसून विचार केला.

व्हॉट्सअ‍ॅपमधून मेसेज आपोआप उचलायच्या भानगडीत सध्या पडू नका. त्याचा अधिकृत रस्ता वेगळा आहे आणि तुम्हाला तो जड जाईल, अनधिकृत रस्त्यानं गेलात तर नंबर बंद होऊ शकतो, आणि तुमचा नंबर म्हणजे तुमचा धंदा. त्याऐवजी रात्री मेसेज निवडून कॉपी करा, नावांच्या जागी डब्याचे नंबर करा. संपर्क यादीतच "डबा २३" असं नाव सेव्ह केलंत तर एकाहून जास्त मेसेज एकदम कॉपी करताना बहुतेक तेच येतं, मेहनत कमी. मग ते एआयच्या चॅटमध्ये टाका. सूचना रोज लिहायला नको, गुगलच्या जेमिनीत जेम म्हणून किंवा चॅटजीपीटीत स्वतःचा जीपीटी म्हणून एकदा साठवता येते. सूचना साधारण अशी:

"तू डब्यांच्या ऑर्डरी रकान्यात भरणारा मदतनीस आहेस. मी मेसेज देईन, मराठी, कन्नड, इंग्रजी किंवा मिसळ असेल. प्रत्येक मेसेजसाठी एक ओळ कर, रकाने असे: डबा नंबर, तारीख, सकाळ की संध्याकाळ, डबे किती, पोळ्या किती, भात हो की नाही, मूळ मेसेज जसाच्या तसा, शेरा. जे मेसेजमध्ये लिहिलेलं नाही ते भरू नकोस, रिकामं ठेव. नक्की कळलं नाही तर शेवटच्या रकान्यात 'विचारा' असं लिही, अंदाज करू नकोस. बेरीज करू नकोस."

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. बेरीज शीटमध्ये सूत्रानं करा. भाषेचं मॉडेल, म्हणजे चॅटमागचं एआय, शब्दांमागून शब्द जुळवतं, ६० ओळींची बेरीज ते बहुतेक वेळा बरोबर देईल, आणि तुम्हाला "बहुतेक" नकोय. मूळ मेसेजचा रकानाही मुद्दाम, म्हणजे यादीवरून नजर फिरवताना शेजारीच खरं काय लिहिलंय ते दिसतं. आठवडाभर वही आणि हे, दोन्ही करा आणि रोज ताडून बघा. जमलं तर मग द्राक्षबाग म्हणतात तसं शीटवर अ‍ॅपशीट बसवा, स्वयंपाकघरातल्या फोनवर मोठ्या अक्षरात यादी दिसेल.

रेघोटी | गुरुवार, दुपारी १२:१५

मला बाराखडींचं एक पटत नाही. व्हाइब कोडिंगला तुम्ही सुरुवातीलाच बाजूला टाकलंत. माझ्या बहिणीनं, ती फिजिओथेरपिस्ट आहे, पेशंटला घरी करायचे व्यायाम मोजणारं पान त्याच पद्धतीनं केलं. त्यात कुणाची माहिती साठवत नाही, पैसे नाहीत, बिघडलं तर पुन्हा बनवायचं. प्रत्येक गोष्टीला शीट आणि रकाने कशाला? एका आठवड्याच्या कामाचं अ‍ॅप आठवड्यानं फेकून दिलं तरी चालतं.

बाराखडी | गुरुवार, दुपारी १२:४०

हे मान्य. माहिती साठवत नाही, पैसे हलत नाहीत आणि चुकलं तर कुणाचं नुकसान नाही, तिथं बिनधास्त करावं. बहिणीला म्हणावं, फार सुंदर उपयोग आहे.

द्राक्षबाग | गुरुवार, रात्री ९:१८

ताई, बिनमिठाच्या डब्यांचं काय ठरवलं? ते मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय आणि त्यावर कोणीच बोललं नाही.

तव्यावरची | गुरुवार, रात्री ११:२५

तेच मनात घोळतंय. जाऊ म्हणते ते मशीनला द्यायचंच नाही. बघते. सगळ्यांचे आभार, शनिवारी बसते.

तव्यावरची | २४ दिवसांनी, रविवार, दुपारी ४:०८

मंडळी, धागा वर काढतेय, राग मानू नका. सांगायला पुष्कळ आहे.

पहिले तीन दिवस नुसते रकाने ठरवण्यात गेले. द्राक्षबाग दादा म्हणाले तसंच झालं. मी "भात हो की नाही" ठेवलं होतं, पण आमच्याकडे "भात अर्धा", "भाताऐवजी खिचडी" असं चालतं. "भाजी" चा रकाना होता, तो काढून टाकला कारण भाजी सगळ्यांना एकच असते, तो उगाच होता. वही बघताना हे कधी जाणवलं नव्हतं, डोक्यात सगळं आपोआप होत होतं.

आठवडाभर वही आणि शीट दोन्ही. पहिल्या रात्री ६१ पैकी ७ ओळी चुकल्या, चौथ्या रात्री २. चुका लिहून ठेवल्या आणि सूचनेत भर घालत गेले. सगळ्यात मजेशीर ही, जमखंडीच्या एका दादांचा मेसेज होता "बेड १४, नाळे बेड". कन्नडमध्ये नाळे म्हणजे उद्या आणि बेड म्हणजे नको. मशीननं लिहिलं की बेड १४ चा माणूस उद्या दुसऱ्या बेडवर जाणार आहे! मला कन्नड येतं म्हणून लगेच दिसलं, जाऊला दाखवलं तर ती लाटणं ठेवून हसत बसली. आता सूचनेत दोन्ही बेड समजावून सांगितलेत.

दुसरी चूक हसण्यासारखी नव्हती. रात्री १२:२० ला मेसेज आला, "उद्या डबा नको". लिहिणारा जागाच होता, त्याच्या मनातला उद्या म्हणजे उजाडेल तो दिवस. मशीननं तारीख बघून त्याच्या पुढचा दिवस धरला. माझ्या वहीत बरोबर होतं कारण मी पण झोपलेली नव्हते ना. आता नियम केलाय, रात्री १२ ते पहाटे ५ मधल्या मेसेजात उद्या किंवा आज आलं की "विचारा". सकाळी साडेपाचला मी स्वतः फोन करते, असे रोज एक-दोनच असतात.

बोलून पाठवलेले मेसेज मी मशीनला देत नाही. ऐकते आणि टाइप करते. १० मिनिटं जातात, जाऊ देत. दीड डब्याचा घोळ त्यामुळे होत नाही.

आणि पथ्याचे डबे. बिनमिठाचे, बिनतेलाचे, मधुमेहाचे मिळून ११ आहेत आत्ता. ते शीटमध्ये नाहीतच. त्यांचे डबेच वेगळे घेतले, लाल झाकणाचे, आणि त्यांची यादी फळ्यावर खडूनं, माझ्या हातची. डबा भरला की मी खूण करते, बांधताना जाऊ बघते आणि दारात देताना मुलगा पेशंटच्या माणसाला विचारतो, "बिनमिठाचा ना?" असं तीनदा. एखाद्या पथ्यवाल्याचा मेसेज चुकून चॅटमध्ये गेला तर त्यानं काही न भरता "फळा" असं लिहायचं, एवढंच त्याला सांगितलंय.

वेळ सव्वा तासावरून २५ मिनिटांवर आला. खर्च अजून काही नाही, फुकटच्या मर्यादेत बसतंय. अ‍ॅपशीटवरची यादी स्वयंपाकघरात जुन्या फोनवर लावलीय, पोळ्यांचा आकडा वर मोठा दिसतो. आमच्या पोळीवाल्या मावशींना वाचता येत नाही पण आकडे येतात, त्या आता स्वतः बघून कणीक मळायला घेतात, मला हाक मारत नाहीत. हे मी अ‍ॅपमध्ये मागितलंसुद्धा नव्हतं.

लेजरकीपर काका, एक पान लिहून भिंतीवर लावलंय. परवा मला ताप होता तेव्हा जाऊनं ते बघून एकटीनं सगळं केलं.

लेजरकीपर | रविवार, दुपारी ४:५०

वाचून फार समाधान वाटलं.

सव्वाशेर | रविवार, संध्याकाळी ५:१५

१२ ते ५ चा नियम मी पण उचलतोय. आमच्याकडे रात्री १ ला ट्रकवाले "उद्या येतो" म्हणून पाठवतात.

कृष्णाकाठ | रविवार, संध्याकाळी ६:०२

ताई, ती शीट नावं काढून इथं देता का? मावशीच्या दुकानासाठी रकाने बदलून बघते.

तव्यावरची | रविवार, संध्याकाळी ६:१०

देते, तशी नावं त्यात नाहीतच पण दवाखान्यांचे मजले आहेत ते काढते. आत्ता ४२ डबे बांधायचेत, साडेआठनंतर टाकते. द्राक्षबाग दादा, तुमच्या मोठ्या बटणांचा एक फोटो टाकाल का, मुलगा हेल्मेट घालून डबे पोचवतो, त्याला "दिला" एवढं एकच बटण हवंय.